नव्या गटात काम करताना: कोण, काय आणि कधीपर्यंत

जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा, तोंडावर आली असताना आमच्या बचत गटाला कडक भाकरी आणि शेंगाचटणीची मोठी ऑर्डर मिळाली. पाकिटांवर लावायची लेबलं छापून आणायचं काम एका अक्कांकडे होतं. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. माल द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना फोन केला, "अक्का, लेबलांचं?" त्या म्हणाल्या, "आयतु." मी वहीत लेबलांपुढे बरोबरची खूण केली आणि चटणी कुटायला बसले. संध्याकाळी सहाला तीनशे पाकिटं भरून तयार होती आणि लेबलं नव्हती.

कन्नडमध्ये ‘आयतु’ म्हणजे ‘झालं’. आणि ‘बरं, ठीक आहे’ म्हणायचं असेल तरी तोच शब्द. अक्कांनी सांगितलं होतं, बरं, आणते. मी ऐकलं, झालं. छापखाना बंद व्हायच्या आत आम्ही दोघी रिक्षाने धावलो आणि रात्री साडेअकरापर्यंत सगळ्याजणी लेबलं चिकटवत बसलो. अक्कांची चूक नव्हती. ‘लेबलांचं?’ एवढाच अर्धा प्रश्न मी विचारला होता, आणि अर्ध्या प्रश्नाला अर्धंच उत्तर मिळतं.

सोलापूरच्या पूर्वभागात नऊ वर्षं मी गटाची वही लिहिली. एवढ्या वर्षांत भांडणामुळे काम अडलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. अर्ध्या ‘हो’मुळे अडलेलं मात्र कितीतरी वेळा. म्हणून हा लेख नव्याने गटात येणाऱ्यांसाठी लिहिते आहे. तुमचा गट बचतीचा असेल, गणपती मंडळाच्या लेझीम पथकाचा असेल, टॉवेलच्या कारखान्यातल्या एका पाळीचा असेल किंवा विद्यापीठातल्या प्रकल्पाचा असेल. माणसं पाच असोत की पंधरा, पायऱ्या साधारण याच.

१. आधी विचारा: हा गट कशासाठी आहे?

पहिल्याच दिवशी हे विचारायला लाजू नका. आणि एका माणसाला विचारू नका, तिघांना वेगवेगळं विचारा. तिघांची उत्तरं सारखी आली तर गट ठीक चाललाय. एक म्हणाली ‘बचतीसाठी’, दुसरी म्हणाली ‘कर्ज मिळावं म्हणून’ आणि तिसरी म्हणाली ‘माझ्या जावेने नाव घातलं’, तर पुढच्या बैठकीत हाच विषय घ्यायला सांगा. एका वाक्यात लिहा: आपण काय करणार आणि या वर्षी किती करणार. ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर राहू द्या.

गट किती जणांचा आहे तेही मोजा. पाच माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या दहा होतात. दहा माणसांत पंचेचाळीस, पंधरांत एकशे पाच. म्हणजे माणसं तिप्पट झाली तर निरोप चुकायच्या जागा दहापट होतात. बचत गट साधारण दहा ते वीस बायकांचा असतो, त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांशी बोलून ऑर्डर पुरी होत नाही. आम्ही चौदाजणी आहोत. भाकरीच्या पाच, चटणीच्या पाच, पॅकिंग आणि हिशेबाच्या चार. प्रत्येक तुकडीतून एकीनेच दुसऱ्या तुकडीशी बोलायचं. हे ठरल्यापासून ‘मला वाटलं तिने तुला सांगितलं असेल’ हे वाक्य जवळपास बंद झालंय.

२. नाव सांगा, काम सांगा, फोन कधी लागतो ते सांगा

आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं एकमेकींना ‘अमक्याची आई’ म्हणून ओळखतात. हाक मारताना अक्का, मावशी, काकू, अण्णा हे असावंच, त्यात माया आहे. पण वहीत आणि ओळख करून देताना स्वतःचं नाव हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी दिली. त्यात पहिली चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. सगळे शिकलेले असतात, पण त्या खोलीत आज कोण काय करणार आहे ते तरीही मोठ्याने सांगायचं. ज्याचं नाव माहीत आहे त्याला ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं, आणि जो एकदा बोलला तो दुसऱ्यांदाही बोलतो.

आमच्याकडे नवी बाई आली की ती तीन गोष्टी सांगते. नाव, हातात कोणतं काम येतं, आणि फोन कोणत्या वेळी उचलता येतो. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण निम्मी चिडचिड तिच्यामुळे वाचते.

३. बैठकीची वेळ घड्याळ बघून नाही, नळ बघून ठरवा

सोलापूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. शहरात बऱ्याच भागांत काही दिवसांआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी बैठक ठेवली तर निम्म्या येत नाहीत, आणि आलेल्यांचा जीव घरच्या हंड्यांत असतो. तसंच विड्या जमा करायला कारखान्यावर जायची वेळ, यंत्रमागाची पाळी सुटायची वेळ, मुलांची शाळा. नव्या माणसाने आपली अडचणीची वेळ पहिल्याच बैठकीत सांगून टाकावी. तीन महिने गैरहजर राहून मग कारण सांगितलं तर तोवर लोकांनी आपापलं कारण ठरवलेलं असतं.

बसायचं गोलात. एकीची पाठ दुसरीकडे नको. आमच्या काही बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बैठकीला बसतात. त्यावर कुणी आक्षेप घेऊ नये. त्यांची मजुरी हजार विड्यांवर असते, आणि हात चालू असताना कान उत्तम चालतात. विषय तीनच ठेवा, सगळ्यात अडलेला आधी घ्या. तासाच्या वर बैठक गेली की निर्णय कंटाळ्याने होतात.

४. बोलण्याची पाळी प्रत्येकाला

‘कुणाला काही बोलायचंय का?’ हा प्रश्न विचारला की ज्या नेहमी बोलतात त्याच बोलतात. त्याऐवजी नाव घेऊन फेरी करा. सगळ्यात नवी बाई आधी, अध्यक्ष सगळ्यात शेवटी. हा क्रम मी हट्टाने पाळते. अध्यक्षांनी आधी मत दिलं की बाकीच्यांचं मत तिथेच विरघळतं, मग त्या कितीही प्रेमळ असल्या तरी.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला होता. कागदावरच्या रेघांपैकी कोणती रेघ समोरच्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. खोलीतल्या बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मुद्दाम चुकीचं बोला. खऱ्या सहभागी माणसाला बरोबर उत्तर डोळ्यांनी दिसत होतं, तरी साधारण तीनपैकी एका वेळी त्याने इतरांच्या सुरात सूर मिसळला. पण खोलीत बरोबर बोलणारा आणखी एक जण बसवला की हे प्रमाण एकदम घसरलं. नव्या माणसाने यातून घ्यायचं ते असं: तुम्हाला वेगळं दिसत असेल आणि तुम्ही बोललात, तर गप्प बसलेल्या दुसऱ्या कुणाला तोंड फुटतं. तुमचं म्हणणं शेवटी मान्य झालं नाही तरी.

सोलापुरात याला भाषेचा पदर आहे. आमच्या गटात घरी मराठी बोलणाऱ्या सहाजणी, तेलुगू पाच, कन्नड दोन आणि उर्दू एक. बैठक मराठीत चालते, पण अडल्यावर जिने तिने आपल्या भाषेत बोलावं आणि शेजारणीने ते सगळ्यांना सांगावं असा नियम आहे. मोडक्या मराठीत माणूस अर्धंच बोलतो, आणि उरलेलं अर्धं घरी नेतो.

वेळेचे शब्द तर हमखास घोळ करतात. मराठीत ‘परवा’ म्हणजे मागचा परवा की पुढचा, हे वाक्य पुरं होईपर्यंत कळत नाही. उर्दू बोलणाऱ्यांचा ‘कल’ काल असतो आणि उद्याही असतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही म्हणायचं. ‘शुक्रवार, दहा तारीख.’ आणि ‘संध्याकाळी’ असं मोघम न म्हणता ‘पाच वाजता’.

५. काम घेणाऱ्यानेच ते परत म्हणून दाखवायचं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. बाकी काही जमलं नाही तरी हे जमवा.

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. डच वैमानिकाकडून रेडिओवर जे शब्द आले त्यांचा अर्थ नियंत्रण कक्षाने ‘उड्डाणासाठी उभे आहोत’ असा घेतला. विमान तर धावायला लागलं होतं. पलीकडून आधी नुसतं ‘ओके’ आलं, आणि त्याच्या पुढचे ‘थांबा’ सांगणारे शब्द दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळून नीट ऐकू गेले नाहीत. अपघाताची कारणं आणखीही होती, पण त्यानंतर विमानांच्या बोलण्याचे नियम जगभर कडक झाले. नुसतं ‘ओके’ चालत नाही, मिळालेली सूचना परत म्हणून दाखवावी लागते. आमच्या लेबलांची आणि त्या अपघाताची बरोबरी होऊच शकत नाही. पण तो ‘ओके’ आणि आमचा ‘आयतु’ एकाच जातीचे शब्द आहेत.

तर करायचं असं. काम सांगून झालं की ते घेणारीने स्वतःच्या शब्दांत परत म्हणायचं. मी म्हणते, "अक्का, माझ्याकडून काही सांगायचं राहिलं का बघते, एकदा तुम्ही म्हणा बरं." असं विचारलं की परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही, कारण तपासणी माझ्या सांगण्याची असते. मग अक्का म्हणतात, "तीनशे लेबलं, शुक्रवारी दहा तारखेला पाचपर्यंत, तुझ्या घरी आणून द्यायची." ‘आणून द्यायची’ हे त्यांच्या तोंडून आलं म्हणजे कळतं की छापखान्यातून मी उचलायची असं त्या समजलेल्या नाहीत.

आता वही उघडून दाखवते. पानावर चार रकाने आखलेत. काय, किती, कोण, कधीपर्यंत आणि कुठे.

लेबलं / ३०० / अक्का / शुक्र. १० ता., सं. ५, माझ्या घरी
ज्वारी दळून / ४० किलो / धाकट्या काकू / गुरु. ९ ता., दु. १२, भट्टीवर
शेंगदाणे निवडून / १५ किलो / चटणीची तुकडी / बुध. ८ ता., रात्री ८

तिसऱ्या ओळीत चूक आहे. ‘चटणीची तुकडी’ हे कुणाचं नाव नव्हे. त्या आठवड्यात शेंगदाणे निवडायला कुणीच बसलं नव्हतं, कारण पाचजणींपैकी प्रत्येकीला वाटलं की उरलेल्या चौघी करताहेत. तेव्हापासून ‘कोण’ या रकान्यात एकच नाव लिहायचं ठरलं. मदतीला कितीही असू देत, विचारायचं एकीलाच.

काही मराठी वाक्यं ओळखायला शिका. ‘बघते’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’. ‘करू की’ म्हणजे केव्हा ते ठरलेलं नाही. आणि ‘होऊन जाईल’ या वाक्यात तर करणारा कुणी नाहीच. असं उत्तर आलं की प्रेमाने एकदाच विचारा, "कोण करेल आणि कोणत्या वारी?" तुम्हाला काम जमणार नसेल तर तुम्हीही ‘बघते’ म्हणू नका. "या आठवड्यात जमणार नाही, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, पुढच्या बुधवारी करते" असं सांगितलेला नकार गटाला हजार पटींनी उपयोगी पडतो.

बैठक उठायच्या आधी सगळे ठराव मोठ्याने वाचायचे. सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या लग्नसोहळ्यात संमती कट्ट्यावर आधी संमती वाचली जाते. हातात अक्षता धरून अफाट गर्दी थांबलेली असते, आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ असा उच्चार झाला की मगच अक्षता पडतात. आमच्या एक वयस्कर मावशी ठराव वाचून झाला की गंभीरपणे ‘सत्यम सत्यम’ म्हणतात, आणि तोवर कुणी उठत नाही. मला ती पद्धत फार आवडते.

६. व्हॉट्सॲप ग्रुप

ग्रुप उपयोगाचा आहे, पण तिथे निर्णय घेऊ नका. निर्णय बैठकीत घ्या, ग्रुपवर तो फक्त कळवा. अंगठ्याचं चित्र म्हणजे ‘वाचलं’. ‘करते’ असं असेल तर तसं लिहायला सांगा. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी लिहिलेला निरोप आवाजात रेकॉर्ड करून पुन्हा टाका, पण अर्ध्या मिनिटाच्या आत. सुप्रभात, देवांची चित्रं आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ यांच्यासाठी हवा तर दुसरा ग्रुप काढा. कामाच्या ग्रुपवर दिवसाला चाळीस चित्रं आली की ऑर्डरची तारीख त्यांच्याखाली गाडली जाते.

कुणाबद्दलही नाराजी ग्रुपवर लिहू नका. आवाजातला सूर तिथे जात नाही, आणि लिहिलेलं वाक्य दहा घरांत दहा तऱ्हांनी वाचलं जातं.

७. तक्रार कुठे करायची, याची जागा ठरलेली हवी

गटाने तक्रार कशी ऐकावी, हे मी पालखी तळावर पाहिलं. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी आपल्या जिल्ह्यात येते, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत वाखरीला जाते. मुक्कामाला पोहोचल्यावर समाज आरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. टाळ वाजवत राहते. एवढ्या शांततेत ते टाळ लांबूनही ऐकू येतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, मार्ग काढतात, तेव्हा तेही टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि मग आरती होते.

या एका प्रसंगात किती गोष्टी आहेत बघा. तक्रार करायची वेळ रोजची आणि ठरलेली. तक्रार सगळ्यांना ऐकू येते, म्हणजे ती दाबता येत नाही. पण तिचा तपशील ऐकायला चोपदार स्वतः चालत जातात, तक्रार करणाऱ्याला सगळ्यांपुढे उभं करत नाहीत. आणि तिचं काहीतरी झाल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही.

आम्ही हेच आमच्या बैठकीत आणलं. शेवटची दहा मिनिटं ‘टाळ’ची. ज्यांना काही खुपतंय त्यांनी फक्त ‘माझा टाळ आहे’ म्हणायचं. लगेच मिटण्यासारखं असेल तर तिथेच बोलायचं. दोघींमधलं असेल तर तिसरी एक बाई, जिचा त्यात काही संबंध नाही, ती त्या दोघींबरोबर दुसऱ्या दिवशी बसते. पुढच्या बैठकीत ‘मिटलं’ की ‘नाही मिटलं’ एवढंच सांगायचं. तपशील सगळ्यांना कळायची गरज नाही.

तक्रार बोलायची कशी, हे नव्यांना अवघड जातं, विशेषतः समोरची व्यक्ती मोठी असेल तर. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका विशीतल्या मुलीला साठीच्या मावशींना सांगायचं होतं की त्या पीठ उशिरा आणतात. ती आधी घोकून आली होती, "तुम्ही नेहमीच उशीर करता." मी म्हटलं, ‘नेहमी’ काढून टाक, आणि तू काय पाहिलंस ते सांग. मग ती म्हणाली, "मावशी, गेल्या दोन गुरुवारी पीठ दोन वाजता आलं. तव्यावर आम्ही पाचजणी बसून होतो आणि मला घरी जायला रात्र झाली. बारापर्यंत येण्यासारखं काही करता येईल का?" मावशी म्हणाल्या, गिरणीत सकाळी रांग असते, माझे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं. आता दळण आणायला ती मुलगीच सायकलवर जाते आणि मावशी तिच्या जागी तव्यावर बसतात. भाकरीही अधिक चांगली होते, कारण मावशींचा हात जुना आहे.

८. चूक लगेच सांगता आली पाहिजे

कडक भाकरी तव्यावरून काढल्यावर पूर्ण निवू द्यावी लागते. कोमट असताना पाकिटात घातली की आतल्या वाफेने ती मऊ पडते, आणि मग महिनाभर टिकणारी भाकरी चार दिवसांत वास मारू लागते. आमची एक खेप अशी परत आली. चौकशी केली तेव्हा कळलं, पॅकिंगला बसलेल्या नव्या मुलीने पाकिटाच्या आत दव साचलेलं पाहिलं होतं. ती बोलली नाही. "सगळ्या भरत होत्या, मला वाटलं असंच असतं."

त्या दिवशी मला भाकरी वाया गेल्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आमच्यात बसून त्या पोरीला बोलायची भीती वाटली.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांतल्या पथकांकडून औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या पथकांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता, आकडे उलटे आले. चांगल्या पथकांतच नोंदलेल्या चुका जास्त. मग उलगडलं की त्या पथकांत चुका जास्त होत नसाव्यात, सांगितल्या जास्त जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी यावर मांडणी केली की बोललं तर अपमान होणार नाही अशी खात्री असलेला गट लवकर शिकतो.

आम्ही एक शब्द ठरवला: ‘थांबा’. कुणीही, अगदी आज आलेलीनेही, ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांचे हात थांबतात. कारण नंतर विचारायचं. दहांपैकी सात वेळा काहीच निघत नाही, आणि त्या सात वेळांना कुणी नाक मुरडायचं नाही. हे पाळणं जुन्या बायकांना जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण ‘थांबा’ म्हणणारीचं नाव वहीत चांगल्या शब्दांत लिहायला सुरुवात केल्यावर फरक पडला.

पाळी बदलतानाही हेच. कारखान्यात मागावरून उतरणारा कामगार पुढच्या पाळीच्या माणसाला कोणता धागा सारखा तुटतोय हे खड्या आवाजात आणि हाताच्या खुणांनी सांगून जातो, कारण मागांच्या खडखडाटात नुसतं बोललेलं ऐकू येत नाही. आपल्या तुकडीने काम अर्ध्यावर सोडलं तर काय झालं, काय राहिलं आणि कशाकडे लक्ष ठेवायचं, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय जागेवरून उठू नका.

९. पैसा

पैशाचं लांबवत नाही, कारण नियम जुने आणि पक्के आहेत. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये गट आणि बँका जोडायला सुरुवात केली तेव्हापासून लाखो गट याच वाटेने चाललेत. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशेबलेखन: ही पंचसूत्री नव्या सभासदाने पाठच करावी. माझी दोनच वाक्यांची भर. पैसे सगळ्यांच्या समोर, दोघींनी, मोठ्याने मोजायचे. आणि वही बघायला मागणाऱ्या बाईला ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं कधीही विचारायचं नाही.

१०. काम दुसऱ्याच्या हाती देताना

जबाबदारी दर एक-दोन वर्षांनी फिरवा. एकाच बाईच्या डोक्यात सगळं साठलं की ती आजारी पडली तरी गट आजारी पडतो. काम सोडताना नुसती वही देऊन चालत नाही. दुकानदार कोणते, उधारी कुणाची, कोणत्या गिऱ्हाईकाला चटणी कमी तिखट लागते, बँकेत सही कुणाची चालते आणि ती बदलायला ठरावाची प्रत लागते, हे सगळं लिहून द्या. बँकेतली सही बदलेपर्यंत जुनीने गावी जायचा बेत करू नये.

यंदा संक्रांतीनंतर मीही वही सोडली. ती आता पाकिटातलं दव पाहिलेल्या त्या मुलीकडे आहे. पहिल्या बैठकीत मी लिहिलं आणि तिने पाहिलं. दुसऱ्या बैठकीत तिने लिहिलं आणि मी पाहिलं. तिसऱ्या बैठकीला मी भाकरीच्या तुकडीत बसले आणि एक शब्द बोलले नाही. काही अडलं तर तिने मला फोन करायचा, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सात ते आठ. हे तिने मला परत म्हणून दाखवलं आणि वहीत लिहूनही ठेवलंय.